चापाला चाप

आमच्या एचएसआर लेआउटमध्ये, दुसऱ्या सेक्टरात, माझ्या खालच्या मजल्यावर कोल्हापूरकडचा एक मुलगा राहतो. दिवसा तो एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, रविवारी नेमबाजीच्या सरावाला जातो आणि रात्री आवाज घुमू नये म्हणून गादी भिंतीला उभी करून मराठीत व्हिडिओ बनवतो. विषय एकच, एअर रायफल. पवित्रा कसा घ्यायचा, श्वास कुठं थांबवायचा, रायफल पुसायची कशी, पेटीत ठेवायची कशी. गावाकडच्या ज्या पोरांना प्रशिक्षक परवडत नाही, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो एक कागद घेऊन वर आला.

“ताई, एवढे शब्द मी आता बोलत नाही. ह्यांच्या जागी दुसरे सुचवा की.”

कागदावर यादी होती. बंदूक, गोळी, छर्रा, नळी, दस्ता, बार, घोडा, चाप. समोर त्यानं स्वतः शोधलेले पर्याय. बंदुकीला ‘वस्तू’, छर्ऱ्याला ‘दाणा’, नळीला ‘पाइप’, बाराला ‘काम’. ‘चाप’समोरची जागा रिकामी. ‘चाप ओढा’ऐवजी ‘बोट आणा’ म्हणून त्यानं पाहिलं होतं. पण पोरं बोट नुसतं आणून ठेवतात, पुढं काही करत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

शब्दाला शब्द शोधणं हा माझा धंदा आहे. वीस वर्षं त्यावर घर चाललंय. पण मराठी शब्दाला मराठीतच पर्याय हवा, आणि तो अर्थ कळावा म्हणून नव्हे तर कळू नये म्हणून, अशी मागणी माझ्याकडं पहिल्यांदाच आली होती. मी त्याला चहा दिला आणि कारण विचारलं.

कारण म्हणजे तीन सूचना. पहिली, एक व्हिडिओ काढून टाकल्याची. त्यात त्यानं तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला बसेल असा रायफलीचा दस्ता कसा पुढं-मागं करायचा ते दाखवलं होतं. शेरा होता, शस्त्र जुळवण्याच्या सूचना. दुसरा व्हिडिओ एका संग्रहालयातल्या, काचेमागच्या ठासणीच्या बंदुकीचा. दीडशे-दोनशे वर्षांत तिच्यातून बार निघाला नसेल. तोही गेला, शेरा ‘धोकादायक मजकूर’. तिसरा व्हिडिओ काढला नव्हता, फक्त अठरा वर्षांखालच्यांना दिसेनासा केला होता. त्याचा विषय होता सुरक्षा. नळी कधीही माणसाकडं करायची नाही, हात चापावर ठेवून चालायचं नाही, नेम धरायचा नसेल तेव्हा रायफल रिकामी आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणजे मुलांसाठी केलेला सुरक्षेचा धडा मुलांनाच बंद. मंच कोणता ते इथं लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे साळसूद ठरतात.

वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. मला बंदूक आवडत नाही. माझ्या घरात खेळण्यातलीही नव्हती आणि नसेल. कमरेला पिस्तूल लावून रील करणारी, वाढदिवसाला हवेत बार काढणारी जी मंडळी आपल्याकडं निपजली आहेत, त्यांच्यासाठी माझ्याकडं सहानुभूतीचा एक शब्द नाही. लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद शस्त्र कायद्यात २०१९ साली झाली, ती योग्यच झाली. मंचांना वाटणारी भीतीही खोटी नाही. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये एका माणसानं ५१ जणांचा जीव घेतला आणि ते फेसबुकवर थेट दाखवलं. त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती पहिल्या चोवीस तासांत काढाव्या लागल्या, असं फेसबुकनंच सांगितलं. असं काही घडल्यावर कुणी नियम कडक केले तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

नियमही वाचून पाहावेत. यूट्यूबनं मार्च २०१८ मध्ये बंदुका आणि त्यांचे काही सुटे भाग विकण्यासाठी केलेले आणि ते बनवायला शिकवणारे व्हिडिओ बंद केले. १८ जून २०२४ पासून त्यात भर पडली. बंदुकीची सुरक्षायंत्रणा काढून कशी टाकायची हे दाखवायचं नाही, आणि घरी बनवलेली किंवा स्वयंचलित शस्त्रं चालवताना दाखवणारे व्हिडिओ अठरा वर्षांखालच्यांना दिसणार नाहीत. यातलं एकही वाक्य मला चुकीचं वाटत नाही. मैदानावरच्या सुरक्षित नेमबाजीला त्यात मनाई नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टला, म्हणजे हा नियम लागू झाल्यावर दीड महिन्यानं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, ते बंदुकीच्या खेळात. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्णपदक घेतलं होतं. ही कोल्हापूरची परंपरा आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा त्या परंपरेतलाच, फक्त पदकाविना राहिलेला.

तेव्हा नियम बरा आहे आणि मुलगाही बरा आहे. मग व्हिडिओ का गेला? कुणी वाचलाच नाही म्हणून. माझं भांडण एवढंच आहे, आणि ते साहित्याच्या मासिकात मांडते आहे, कारण वाचणं हा आपला विषय आहे.

त्या काढलेल्या व्हिडिओचा यंत्रानं उतरवलेला मराठी मजकूर त्यानं मला दाखवला. ‘दस्ता’चा ‘रस्ता’ झाला होता, ते एक वेळ चालेल. पण चार ठिकाणी ‘छर्रा’चा ‘सुरा’ झाला होता. पिंपळाच्या पानासारखी जीवणी मिटून नेम धरणाऱ्या पोरीला तो शांतपणे सांगतोय, छर्रा हळूच बसव. आणि मजकुरात उमटलंय, सुरा हळूच बसव. आपल्याकडं याला ‘ध’चा ‘मा’ करणं म्हणतात. नारायणराव पेशव्यांना धरावं असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्यात ‘मारावं’ केलं आणि गारद्यांनी वाचलं तसं केलं, ही कथा इतिहासकार मानोत वा न मानोत. भाषेनं ती जपून ठेवली आहे. हत्यारबंद माणसाच्या हाती चुकीचं अक्षर गेलं की काय होतं, हे मराठीला पुरतं ठाऊक आहे. आता हत्यार नसलेल्या माणसाला चुकीच्या अक्षरापायी शिक्षा होते, एवढाच फरक.

इथं मला माझाही एक कबुलीजबाब द्यायचा आहे. पाचेक वर्षांपूर्वी एका मध्यस्थाकडून मला काम आलं होतं. तक्त्यात काही शे मराठी शब्द होते, आणि प्रत्येकासमोर शून्य ते तीन यांपैकी एक आकडा घालायचा होता. शून्य म्हणजे निरुपद्रवी, तीन म्हणजे घातक. शब्दामागं दर ठरलेला. वाक्याचा रकाना नव्हता. मी विचारलं, शब्द कुठल्या वाक्यात आलाय ते कळल्याशिवाय आकडा कसा घालू? उत्तर आलं की साधारण अंदाजानं घाला. मी घातला. एका दुपारीत काम संपवलं, पैसे मिळाले, त्या महिन्याचं घरभाडं निघालं.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही दोन वर्षं हेच घोकलं होतं, की शब्दाला अर्थ येतो तो शेजारपाजारच्या शब्दांमुळं. आणि मी मराठी शब्द एकेक सुटे करून तराजूत टाकत होते. ‘घोडा’ला मी दोन दिले. घोडा म्हणजे टांग्याचा, बुद्धिबळातला, लग्नातला, आणि मुंबईच्या टोळ्यांच्या भाषेत पिस्तूल. ‘गोळी’ला दोन, ती डोकेदुखीवरची असते, पोरांच्या खेळातली असते आणि बंदुकीतली असते. ‘दारू’ला एक, कारण मला बाटली आठवली; दारूगोळ्यातली आणि दिवाळीच्या दारूकामातली दारू नंतर आठवली. ‘बार’ला दोन. आमच्याकडं लग्नाचा बार उडतो, आणि पुढाऱ्यांचे बार बहुधा फुसके निघतात. ‘नेम’ला एक, म्हणजे माझी आजी रोज घातकच वागत होती म्हणायची, तिचे नेम कधी चुकले नाहीत. ‘चाप’ला मात्र मी तीन दिले. त्या क्षणी मला फक्त पिस्तूल दिसलं. चाप लावणं म्हणजे आवर घालणं, आणि साडीला चाप, केसांना चाप, हे त्या दुपारी सुचलंच नाही.

ती यादी पुढं कुठं गेली, तिचं काय झालं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही. पण त्या मुलाच्या कागदावर ‘चाप’समोर रिकामी जागा पाहिली, तेव्हा चहाचा कप माझ्या हातात जड झाला.

मराठीत बंदुकीची भाषा उपरी नाही. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, जंबुरका, जेजाला, काडतूस, संगीन, बत्ती, दारूखाना. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे आपल्या प्रत्येक कार्यालयात सापडतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू दमट होऊ देऊ नये, तिची वरचेवर निगा राखावी, असं काटेकोर सांगितलेलं आहे. राज्यकारभारावरच्या आपल्या एका थोर ग्रंथातला हा भाग उद्या कुणी मोठ्यानं वाचून दाखवला, तर ज्याला संदर्भ वाचता येत नाही त्याला तो स्फोटकांच्या साठवणुकीचा पाठच वाटेल. किल्ल्यांवर, मराठ्यांच्या युद्धशास्त्रावर बोलणारी कितीतरी तरुण मुलं आज आहेत. तोफेचं नाव घेताना ती अडखळायला लागली, तर त्यांच्या तोंडून पुढच्या पिढीला कोणती मराठी मिळणार आहे? ‘वस्तू’ आणि ‘काम’वाली?

हत्यार आणि भाषा यांना एकाच दोरीनं बांधायची कल्पना नवी नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राज्यात दोन कायदे झाले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा, दुसरा शस्त्रांचा. वृत्तपत्रांचा कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. मराठीत, बंगालीत लिहिणाऱ्यालाच तो जाचायचा. मॅजिस्ट्रेटचा निर्णय अखेरचा, त्यावर कोर्टात दाद नाही. ‘अमृत बाजार पत्रिका’ त्यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजी झाली, हे प्रसिद्धच आहे. रिपनच्या काळात तो कायदा गेला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिला आणि १९५९ साली त्याच्या जागी नवा आला.

तीस वर्षांनी पुन्हा तीच जोडी दिसते. ८ जून १९०८ रोजी, एकाच दिवशी, स्फोटक पदार्थांचा कायदा झाला आणि वृत्तपत्रांनी गुन्ह्यांना चिथावणी देण्याविरुद्धचाही. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. तो आणि १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ यांवरून टिळकांवर खटला चालला. बाँबवर लिहिलेल्या मराठी लेखांचा निवाडा करायला नऊ ज्यूरी बसले, सात युरोपीय आणि दोन पारशी. त्यांच्यापुढं मराठी लेख ठेवलाच गेला नाही म्हणा ना. ठेवलं गेलं ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर वाद घातला, मूळ मराठीचा अर्थ वेगळा आहे हे दिवसेंदिवस सांगितलं. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

मंच चालवणारी कंपनी म्हणजे लिटन नव्हे आणि माझ्या शेजाऱ्याला कुणी मंडालेला धाडलेलं नाही, हे मला कळतं. पण भाषांतरकार म्हणून मी तो खटला वाचते तेव्हा एक गोष्ट टोचते. १९०८ च्या त्या कोर्टात निदान एक भाषांतरकार साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याला नाव होतं. त्याला विचारता येत होतं, बाबा रे, हा शब्द तू असा का घेतलास? आज माझ्या शेजाऱ्यानं उलटतपासणी कुणाची घ्यायची? शून्य ते तीनवाल्या तक्त्याची? तो तक्ता भरणारी बाई त्याच्या वरच्याच मजल्यावर राहत होती, हे त्याला कळायला काही मार्ग होता का?

कुणी म्हणेल, जरा अती होतंय; चार मुलांना चार व्हिडिओ दिसले नाहीत, एवढंच ना? तर त्यांनी दोन गोष्टी ऐकाव्यात. ऑक्टोबर २०१७ मध्ये वेस्ट बँकमध्ये एका पॅलेस्टिनी कामगारानं बुलडोझरला टेकून काढलेला स्वतःचा फोटो फेसबुकवर टाकला आणि अरबीत ‘सुप्रभात’ अशा अर्थाचं काही लिहिलं. यंत्रानं हिब्रूत त्याचं ‘त्यांच्यावर हल्ला करा’ केलं. पोलिसांनी त्याला पकडलं, तासन्‌तास चौकशी केली. अटक होण्यापूर्वी अरबी येणाऱ्या एकाही पोलिस अधिकाऱ्यानं ते वाचलं नव्हतं. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. म्यानमारमध्ये रोहिंग्यांना दिसेल तिथं ठार करा, एकही जिवंत ठेवू नका, असं सांगणारी एक बर्मी नोंद फेसबुकच्या यंत्रानं इंग्रजीत अशी उतरवली होती की, म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य नसावं. रॉयटर्सनं २०१८ मध्ये हे उघड केलं. २०१५ च्या सुरुवातीला त्या कंपनीत बर्मी समजून तक्रारी पाहणारे लोक होते अवघे दोन.

म्हणजे भाषा न येणाऱ्याच्या हाती नियम दिला की तो साधूला पकडतो आणि चोराला इंद्रधनुष्य समजतो. कडक नियम हवा असलेल्यांनी तर माझ्याआधी ओरडायला हवं. मराठीत खरोखर गावठी कट्टा विकणारा कुणी असेल, तर तो ‘कट्टा’ म्हणणारच नाही. तो ‘सामान’ म्हणेल, ‘खेळणं’ म्हणेल, आणि निवांत राहील. शब्दांच्या यादीत अडकतो तो सरळ बोलणारा. आता माझा शेजारी सरळपणा सोडून ‘वस्तू’ म्हणायला लागलाय. प्रामाणिक माणसाची आणि तस्कराची बोली एकच करून टाकायची, याहून मूर्ख पहारा कोणता असेल?

या विषयावर जगात ओरड बरीच झाली आहे, पण ती बहुतेक अमेरिकेतली. तिथल्या बंदूकवाल्यांचं राजकारण मला परकं आहे, आणि आपल्याला ते आयात करायचं कारण नाही. मात्र अडचण आल्यावर त्यांच्यापाशी काय काय होतं ते पाहण्याजोगं आहे. ‘हिकॉक४५’ नावानं व्हिडिओ करणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरांचं चॅनल जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. इंग्रजीत गवगवा झाला आणि ते परत सुरू झालं. २०१८ च्या नियमांनंतर ‘इनरेंज टीव्ही’नं आपले व्हिडिओ सरळ पॉर्नहबवर नेऊन ठेवले, आणि ती बातमी जगभर छापून आली. जुन्या शस्त्रांच्या इतिहासाचे जाणकार इयन मॅकॉलम यांनी सोबत्यांबरोबर ‘हेडस्टॅम्प’ नावाची प्रकाशनसंस्था काढून फ्रेंच रायफलींवर जाडजूड ग्रंथ छापला. वर्गणीदार त्यांच्याकडं होते, वकील होते, बातमीदार होते. मुख्य म्हणजे नियम ज्या भाषेत लिहिला जातो तीच त्यांची भाषा होती. कोल्हापूरकडच्या पोरानं बाडबिस्तरा उचलून जायचं कुठं? त्याचा प्रेक्षक म्हणजे बापाचा फोन तासभर हाती मिळालेली सातवीतली मुलगी. ती वर्गणी भरणार नाही, दुसरं ॲपही उतरवून घेणार नाही. ती जिथं आहे तिथंच त्यानं असलं पाहिजे.

माझ्या साहित्यिक मित्रमैत्रिणींचा आक्षेप वेगळा असतो. बंदुकीसाठी कशाला रक्त आटवतेस, कवितेवर वेळ आली तर बोलू. मला हा युक्तिवाद भित्रा वाटतो. बंदिस्तीची सवय नेहमी ज्याची बाजू घ्यायला लाज वाटते अशा माणसापासूनच लागते. २०२२ मध्ये सिद्धू मूसेवालाच्या खुनानंतर त्याचं ‘एसवायएल’ हे गाणं जूनअखेर भारतात दिसेनासं झालं. पुढं नोव्हेंबरमध्ये पंजाब सरकारनं शस्त्रांचा उदोउदो करणाऱ्या गाण्यांवर आणि समाजमाध्यमांतल्या शस्त्रप्रदर्शनावर बंदी घातली. त्याच्या गाण्यांतली बंदूक मला खुपते. तरीही गाणं, धडा आणि धमकी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी कुणीतरी ऐकावं लागतं. आज धड्याची धमकी झाली तेव्हा आपण गप्प बसलो, तर उद्या कुणा कवीची ‘गोळी’ त्याच तराजूत पडेल. तेव्हा समजावून सांगायला मराठी वाचणारा तिथं कुणी नसेलच, कारण आपण तो कधी मागितलाच नाही.

कंपनी खाजगी आहे, नको असेल तर जाऊ नका, हेही मी ऐकते. खाजगी आहे खरी, पण कायद्याबाहेर नाही. भारतात पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांना २०२१ चे माहिती-तंत्रज्ञान नियम लागू आहेत. स्वतःहून मजकूर काढायचा असेल तर आधी कळवायचं, कारणं द्यायची आणि म्हणणं मांडायची पुरेशी संधी द्यायची, असं त्यांत लिहिलेलं आहे. २८ ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. मंचाचे नियम इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, वापरणाऱ्याच्या पसंतीप्रमाणं, उपलब्ध हवेत. म्हणजे नियम मराठीत वाचायला मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. नियम मोडला की नाही हे मराठीत वाचलं जाण्याचा मात्र नाही! हुकूम तुमच्या भाषेत, निवाडा त्यांच्या.

काम अवाढव्य आहे, प्रत्येक भाषेत माणसं बसवणं परवडत नाही, असंही सांगतात. गणपतीच्या आधी मोदकाच्या साच्यांची जाहिरात मला अचूक मराठीत दिसते. खतांची, सोनेतारणाची, लग्नाच्या स्थळांचीही दिसते. विकताना मराठी येते आणि न्याय करताना येत नाही, असं कसं? माणसं नाहीत म्हणावं, तर याच शहरात, आउटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांना, मजकूर तपासण्याची कामं करणारी माणसं भरपूर आहेत. माझ्या ओळखीच्या दोघी मराठी मुली ते काम करत होत्या. एक दिवसभर इंग्रजी मजकूर पाही, दुसरी हिंदी. मराठी त्यांना कुणी विचारली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली. पेढे वाटले, भाषणं झाली. अभिजात भाषेतलं एक साधं वाक्य, ‘श्वास सोडा, मग चाप ओढा’, समजून घेणारा पगारी माणूस मात्र अजून कुठल्या खुर्चीत बसलेला मला दिसला नाही.

माझं मागणं मोठं नाही. मराठी व्हिडिओ काढायचा तर काढण्यापूर्वी मराठी येणाऱ्या माणसानं तो पाहावा. कारण देताना कोणत्या वाक्यावर, कोणत्या दृश्यावर आक्षेप आहे ते मराठीत लिहावं. त्यावरची दाद मराठीत मागता यावी, आणि ती आधीच्या माणसापेक्षा दुसऱ्या माणसानं वाचावी. शब्दांच्या याद्या करायच्याच असतील तर त्यांत वाक्याचा रकाना असावा. आणि माझ्यासारख्या, असली कामं घेणाऱ्या सगळ्यांनी तो रकाना नसलेला तक्ता परत पाठवावा. घरभाडं मलाही भरायचं असतं, हे मी विसरलेले नाही.

मी त्या मुलाला पर्याय सुचवले नाहीत. त्याऐवजी आम्ही दोघांनी बसून मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, मराठीत. दस्ता म्हणजे काय, तो मुलीच्या खांद्याला बसला नाही तर मान कशी अवघडते, १० मीटरवरच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो गाठायला रायफल अंगाला नीट बसावीच लागते, हे सगळं त्यानं सांगितलं, मी टिपलं. ‘चाप’ हा शब्द पत्रात नऊ वेळा आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणं उत्तराला पंधरा दिवस असत. पंधराव्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजीत, तीन ओळींचं. तुमचा मजकूर आम्ही काळजीपूर्वक तपासला आहे, निर्णय कायम आहे.

“आता इंग्रजीत लिहू या का, ताई?” त्यानं विचारलं.

मोह झाला. माझी इंग्रजी चांगली आहे. कदाचित काम झालंही असतं, आणि त्या सातवीतल्या मुलीला तिचा धडा परत मिळाला असता. ‘अमृत बाजार’नं तेच केलं होतं. त्याला मी सांगितलं की इंग्रजी पत्र तुला लिहून देते, ते तू खुशाल पाठव, तुझी मुलं थांबलीत. पण त्याच्यासोबत पहिलं मराठी पत्रही पुन्हा जाईल, आणि वर एक ओळ असेल, की हे वाचलं कुणी, त्याचं नाव कळवा.

दोन्ही पत्रं गेल्या सोमवारी गेली.